संध्याकाळी सातनंतर एनएफएस सर्व्हर रखडतो, असिंक करावं का?

मांजलपूरकर (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मर डिझाइनच्या ऑफिसात संगणकांचं सगळं काम माझ्याकडे आहे. चोवीस कंप्युट नोड, चौदा विंडोज वर्कस्टेशन आणि या सगळ्यांच्या मागे एकच फाइल सर्व्हर. नोड म्हणजे गणितं सोडवणारी यंत्रं, त्यांना फायली एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वाटण्याची पद्धत) मिळतात. आमचे इंजिनिअर दिवसभर मॉडेल बांधतात आणि रात्री ती सोडवायला लावतात. शॉर्ट सर्किट झाल्यावर वाइंडिंगवर किती बल येईल, टाकीतलं तेल कसं फिरेल, हॉटस्पॉट किती तापेल, असली गणितं. टेंडरची तारीख जवळ आली की सकाळी निकाल हातात हवाच असतो, कारण तांब्याचा आणि सीआरजीओ पत्र्याचा (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा पोलादी पत्रा) हिशेब त्यावरच बसतो.

अडचण अशी की नवरात्र सुरू झालंय. साडेसहाला सगळे गरब्याच्या तयारीला घरी निघतात आणि निघताना प्रत्येक जण आपापला जॉब लावून जातो. सातपासून साधारण साडेनऊपर्यंत सर्व्हरचा जीव जातो. नोडवर साधं 'एलएस' मारलं तरी यादी यायला अर्धा मिनिट लागतं. एरवी पाच तासांत आटपणारा जॉब सकाळी ऑफिस उघडतं तरी चालूच असतो. सर्व्हरवर 'टॉप' लावलं तर लोड अ‍ॅव्हरेज पासष्टच्या आसपास, आणि सीपीयू मात्र ऐंशी टक्के रिकामा!

सर्व्हरला १६ कोअर आणि १२८ जीबी रॅम आहे. हार्डवेअर रेड कंट्रोलरवर ८ टीबीच्या १२ साटा डिस्क, ७२०० आरपीएमच्या, रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो अशी मांडणी). वर एक्सएफएस फाइल सिस्टिम, रॉकी लिनक्स ९. सर्व्हर आणि नोड १० गिगाबिटवर, वर्कस्टेशन १ गिगाबिटवर आणि ती सांबातून (लिनक्सवरच्या फायली विंडोजला देणारा प्रोग्राम) येतात. नोडवर एनएफएस ३, हार्ड माउंट, आरसाइज आणि डब्ल्यूसाइज (एका विनंतीत वाचायचे-लिहायचे जास्तीत जास्त बाइट) दोन्ही १०४८५७६. एक्सपोर्ट, म्हणजे सर्व्हरने नोडना दिलेलं फोल्डर, सिंक आहे: डेटा डिस्कवर पक्का करूनच होकार.

एनएफएसडीचे (सर्व्हरवरच्या एनएफएस सेवेचे) थ्रेड ८ होते, ते मी ६४ केले. लोड दहावरून पासष्टवर गेला, वेग होता तिथेच राहिला.

सप्लायरकडचा माणूस म्हणतो, एक्सपोर्टमध्ये सिंकच्या जागी असिंक (डिस्कची वाट न बघता होकार) लिहा आणि मोकळे व्हा. मालकांनाही ते पटलंय. माझं मन धजत नाही, पण त्यांना पटेल असं कारण मला मांडता येत नाहीये. असिंकने नेमकं काय गमावतो आपण? आणि ते न करता हा सर्व्हर पळता करायचा मार्ग आहे का?

रावपुरा९९ (बडोदा)

दादा, आमच्याकडे जुन्या दस्तऐवजांच्या स्कॅनिंगचं काम चालतं. सर्व्हर गेली काही वर्षं असिंकवरच आहे, काही झालेलं नाही. थ्रेड २५६ करा, एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० करा, असिंक लावा. दहा मिनिटांचं काम आहे. नवरात्रात कशाला डोक्याला ताप?

राजवाडा_रूट (इंदूर)

रावपुरा, तुमच्याकडे एखादी फाइल बिघडली तर मूळ कागद कपाटात आहे, पुन्हा स्कॅन करता येतो. मांजलपूरकरांच्या फायलींमागे कागद नाही. आठ तासांच्या गणिताच्या मधोमध एक ब्लॉक शून्यांनी भरलेला निघाला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही, तर त्या आकड्यावर खरा ट्रान्सफॉर्मर बांधला जाईल. म्हणून मी यावर जरा सविस्तर लिहिते. इथे एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरचं स्टोरेज मी सांभाळते, आणि असिंकचा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांबरोबर येतो.

एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राइट डिस्कवर पक्का बसल्याशिवाय सर्व्हरने 'झालं' म्हणायचं नाही असा नियम होता. त्यामुळे तो भयंकर हळू होता, आणि असिंकची सवय त्या काळातली आहे. १९९५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने (आरएफसी १८१३) यावर नीट तोडगा काढला. क्लायंट (तुमच्याकडे नोड) 'अनस्टेबल' राइट पाठवतो, सर्व्हर ते नुसतं मेमरीत घेऊन लगेच उत्तर देऊ शकतो. नंतर क्लायंट 'कमिट' पाठवतो, तेव्हा मात्र सर्व्हरला सगळं डिस्कवर टाकूनच होकार द्यावा लागतो. तो होकार येईपर्यंत क्लायंट आपल्याकडची प्रत सोडत नाही. मधेच सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर उत्तरातला व्हेरिफायर, म्हणजे सर्व्हरची खूण, बदलतो. क्लायंटला ते कळतं आणि तो राहिलेला डेटा आपणहून परत पाठवतो. ही फार सुंदर योजना आहे. वेगही मिळतो आणि डेटाही जात नाही.

असिंक लावलं की सर्व्हर कमिटलाही खोटा होकार देतो. क्लायंट विश्वासाने आपली प्रत फेकून देतो. त्या क्षणी वीज गेली, कर्नल पॅनिक झाला, तर तो डेटा दोन्हीकडे नाही. जॉबला एरर येत नाही, लॉगमध्ये डेटा गेल्याची ओळ पडत नाही, हार्ड माउंट असल्यामुळे जॉब नुसता थांबतो आणि सर्व्हर आला की पुढे चालू होतो. फाइलचा आकारही कदाचित बरोबरच दिसेल. मालकांना एवढंच सांगा: असिंकमध्ये सर्व्हर पडल्यावर कोणत्या फायली खराब झाल्या याची यादी कुणीच देऊ शकत नाही. म्हणूनच एनएफएस-युटिल्सने १.० आवृत्तीपासून सिंक हाच डीफॉल्ट केला.

आता तुमच्या दुखण्याकडे. तुम्ही थ्रेड वाढवून पाहिले ते एका अर्थी फार उपयोगाचं झालं. लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या, म्हणजे 'डी' स्थितीतल्या प्रोसेसही मोजल्या जातात. आठ थ्रेड होते तेव्हा आठ अडकत होते, चौसष्ट केल्यावर चौसष्ट अडकले. पंगतीत वाढपी वाढवले, पण आत भात एकाच पातेल्यात शिजतोय. २५६ केले तर लोड २५६ दिसेल, दुसरं काही होणार नाही. ६४ ठेवा, ते ठीक आहेत. रात्री एरवी थ्रेड पुरतात का ते बघायचं असेल तर प्रॉकमधल्या एनएफएसडीच्या 'पूल_स्टॅट्स' फाइलमध्ये 'सॉकेट्स-एन्क्यूड' (मोकळा थ्रेड नसल्याने रांगेत थांबणं) हा आकडा किती भराभर चढतो ते बघा.

एमटीयूला आत्ता हात लावू नका. ९००० करायचं तर वाटेतलं प्रत्येक कार्ड, स्विच आणि त्याच व्हीलॅनमधलं (नेटवर्कच्या त्याच विभागातलं) प्रत्येक वर्कस्टेशन ९००० वर हवं. वाटेतला एखादा स्विच जरी १५०० वर राहिला तर लहान पॅकेट जातात, मोठी अडकतात. माउंट होतं, 'एलएस' चालतं आणि फाइल कॉपी करताना मात्र सगळं गोठतं. ते शोधण्यात आठवडा जातो. कधी केलंत तर आधी 'पिंग' ला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पॅकेट सगळीकडे पाठवून बघा (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा).

काहीही बदलण्याआधी आज साडेसातला ही मोजणी करा आणि इथे टाका. एका नोडवर 'एनएफएसआयओस्टॅट' पाच-पाच सेकंदांनी, त्यात रीड आणि राइटचे 'एव्हीजी आरटीटी' आणि 'एव्हीजी एक्झे' हे दोन रकाने. कमिट, गेटअ‍ॅटर, लुकअप, अ‍ॅक्सेस या बाकीच्या क्रियांचे (डेटा पक्का करणं, गुणधर्म विचारणं, नाव शोधणं, परवानगी तपासणं) आकडे 'माउंटस्टॅट्स' मधून काढा. आरटीटी म्हणजे विनंती तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. एक्झेमध्ये त्याआधी क्लायंटच्या आत रांगेत गेलेला वेळही धरलेला असतो. एक्झे मोठा आणि आरटीटी लहान असेल तर रोग नोडवर आहे. दोन्ही मोठे असतील तर रोग सर्व्हरवर किंवा नेटवर्कवर. 'रीट्रान्स' (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या विनंत्या) शून्य असेल तर नेटवर्क बहुधा सुटलं. आणि त्याच वेळी सर्व्हरवर 'आयओस्टॅट -एक्स', म्हणजे डिस्कवरचा ताण कळेल.

मांजलपूरकर (बडोदा)

ताई, मनापासून आभार. व्हेरिफायरची गोष्ट मालकांना सांगितली, त्यांनी असिंकचा विषय बंद केला.

काल संध्याकाळचे आकडे. राइट: एका विनंतीला सरासरी ६ केबीच्या आसपास, आरटीटी १९० मिलिसेकंद, एक्झे १९५. कमिट: आरटीटी ३४०. गेटअ‍ॅटर आणि लुकअप: आरटीटी ४० ते ६०, आणि यांची संख्या बघून मी चक्रावलो, राइटच्या कितीतरी पट आहेत. रीट्रान्स शून्य. सर्व्हरवर युटिल (डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली) १००, राइटची प्रतीक्षा १७० मिलिसेकंद, सेकंदाला साधारण १४० ते १६० राइट. नेटवर्कवर मात्र सगळं मिळून २० एमबी प्रति सेकंद सुद्धा नाही. १० गिगाबिटची तार रिकामी पडली आहे!

राजवाडा_रूट (इंदूर)

एक्झे आणि आरटीटी जवळपास सारखे, रीट्रान्स शून्य. म्हणजे नोड आणि तार दोन्ही सुटले, डिस्कवर या.

आता हा हिशेब करून बघा. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत मारते. सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, वर हेड हलवायचा वेळ. म्हणजे विखुरलेल्या जागी लिहायचं तर एका डिस्ककडून सेकंदाला ७५-८० क्रिया. बारा डिस्कच्या झाल्या साधारण ९००. रेड ६ मध्ये एक लहानसा तुकडा बदलायचा तर जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही परत लिहायच्या. एका राइटमागे सहा क्रिया. ९०० भागिले ६, उत्तर १५०.

तुमच्या आयओस्टॅटमध्ये १४० ते १६० दिसतायत. हे इतकं तंतोतंत जुळणं मला खटकतंय. कारण हार्डवेअर कंट्रोलर आहे म्हणता, त्यावर स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी) असते. ती राइट-बॅकवर असेल तर लहान राइट आधी तिथे थांबतात, शेजारचे तुकडे एकत्र होतात, आणि डिस्कपर्यंत बरेचसे भरगच्च होऊन जातात. तुमचा आकडा कॅश नसल्यासारखा आहे.

म्हणून आज पहिलं काम: 'स्टोअरसीएलआय' मध्ये (किंवा तुमच्या कंट्रोलरचं जे टूल असेल त्यात) कॅशचं धोरण आणि बॅटरीची स्थिती बघा. बॅटरी खराब झाली की बहुतेक कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रूवर (कॅशमध्ये न थांबवता थेट डिस्कवर लिहिणं) जातात. ते बरोबरच करतात, कारण बॅटरी नसताना कॅशमध्ये ठेवलेला डेटा वीज गेली की गेला. काही बॅटऱ्यांचं ठरावीक काळाने 'लर्न सायकल' चालतं, पूर्ण उतरवून पुन्हा भरणं. तेवढा वेळही राइट-थ्रू असतं, तेव्हा ते कोणत्या वेळी लागलेलं आहे तेही बघा. तिथे 'ऑलवेज राइट-बॅक' असाही एक पर्याय दिसेल. तो निवडू नका. असिंकचाच धोका एक मजला खाली नेऊन ठेवल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट, ते गेटअ‍ॅटर-लुकअपचं वादळ. दोन प्रश्न विचारते. सॉल्व्हर (गणितं सोडवणारा प्रोग्राम) कुठे इन्स्टॉल केलाय, याच सर्व्हरवर? आणि सॉल्व्हरची स्क्रॅच (तात्पुरत्या फायलींची) फोल्डर कुठे आहे?

मांजलपूरकर (बडोदा)

ताई, बॅटरीच!

धोरण राइट-बॅक असंच लिहिलंय, पण चालू स्थिती राइट-थ्रू, आणि बॅटरीसमोर 'फेल्ड'. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर मालकांनी सर्व्हर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर हलवायला लावला. ती खोली थेट गच्चीच्या स्लॅबखाली आहे आणि एसी लहान. मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही. बॅटरी उन्हाने मेली असावी असा माझा अंदाज. नवी मागवली आहे.

तुमचे दोन्ही प्रश्न वर्मावर आहेत. सॉल्व्हर याच सर्व्हरवर आहे, म्हणजे एका जागी अपडेट केला की सगळ्यांना मिळतो. आणि स्क्रॅच प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये, तेही इथेच. नोडमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आहे, तिच्यावर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम.

राजवाडा_रूट (इंदूर)

बॅटरी आली की मोठा फरक पडेल, पण तेवढ्यावर थांबू नका. कंट्रोलरची कॅश थोड्याच जीबीची असते. चोवीस जॉब तासभर लहान राइट मारत राहिले तर ती भरते, आणि भरली की वेग परत डिस्कवर येतो.

खरी सुटका स्क्रॅच हलवण्यात आहे. फाइल बंद करताना क्लायंटला सगळा डेटा सर्व्हरवर ढकलावा लागतो, दुसऱ्या नोडने ती उघडली तर ताजी दिसावी म्हणून. त्यामुळे एक चिमुकली फाइल तयार केली तरी क्रिएट, राइट, कमिट, एवढं सगळं होतं. त्यातलं क्रिएट आणि कमिट दोन्ही डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. सॉल्व्हरच्या तात्पुरत्या फायली दुसरा कुठलाच नोड वाचत नाही. त्यांच्यासाठी ही किंमत मोजायचं कारणच नाही. एनव्हीएमईवर त्यांना जागा करा.

जॉबची स्क्रिप्ट अशी बसवा: सुरुवातीला इनपुट नोडच्या डिस्कवर आणा, तिथेच सोडवा, शेवटी निकाल एका टार फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर एकदाच पाठवा. मोठी सलग फाइल लिहायला तुमच्या बारा डिस्क उत्तम आहेत, रेड ६ तिथे आडवा येत नाही. चेकपॉइंट (अर्धवट गणिताची जतन केलेली स्थिती) मात्र सर्व्हरवरच हवेत, नाहीतर नोड गेला तर रात्रीचं काम गेलं. फक्त ते प्रत्येक पायरीला न लिहिता पंधरा-वीस मिनिटांनी लिहा. आणि जॉब वेळ संपून मारला गेला तर निकाल नोडवरच अडकू नयेत, याची सोय करा. स्लर्म (जॉबची रांग लावणारा प्रोग्राम) आधी टर्म सिग्नल, म्हणजे थांबण्याची सूचना, देतो आणि डीफॉल्टनुसार ३० सेकंदांनी किल. तेवढ्यात आठ जीबीची टार बांधून होणार नाही. '--सिग्नल' पर्यायाने दहा मिनिटं आधी इशारा मागून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये 'ट्रॅप' (इशारा आल्यावर करायचं काम) लावा.

सॉल्व्हरचं इन्स्टॉलेशन: जॉब सुरू होताना प्रोग्राम आपल्या लायब्ररी शोधतो. लायब्ररी-पाथमध्ये दहा फोल्डर असतील तर प्रत्येक लायब्ररीसाठी 'इथे आहे का? नाही. इथे? नाही.' असं एकेक लुकअप सर्व्हरला जातं. पायथन असेल तर हाच प्रकार शेकडो मॉड्यूलसाठी. चोवीस नोड एकाच वेळी हे करतात, तुम्ही बघितलेलं वादळ मला तेच वाटतंय. त्यावर सरळ उपाय म्हणजे रोज पहाटे 'आरसिंक' ने सॉल्व्हर प्रत्येक नोडवर उतरवणं. ते नको असेल तर सॉल्व्हरचं फोल्डर वेगळं, फक्त वाचण्यासाठी माउंट करा आणि त्याला 'नोसीटीओ' (फाइल उघडताना दरवेळी ताजेपणा न तपासणं) आणि 'अ‍ॅक्टिमिओ' ६०० द्या. डीफॉल्टमध्ये फाइलचे गुणधर्म ३ ते ६० सेकंदच लक्षात ठेवले जातात, तिथे दहा मिनिटं राहतील. हे पर्याय होम फोल्डरला लावू नका, एका नोडवर केलेला बदल दुसऱ्यावर दिसणार नाही आणि लोक तुम्हाला धरतील.

'एलएस' ला अर्धा मिनिट का लागायचं तेही सांगते. चालू जॉबच्या फोल्डरमध्ये, त्याच नोडवर बसून 'एलएस -एल' मारलं की फाइलची खरी वेळ आणि आकार सांगता यावा म्हणून क्लायंट आधी त्या फाइलचे साचलेले राइट सर्व्हरवर ढकलतो, मग गुणधर्म विचारतो. रंगीत 'एलएस' सुद्धा प्रत्येक फाइलचे गुणधर्म मागतो. त्यात तुमचे चौसष्ट थ्रेड अडकलेले. जॉब कुठवर आला हे बघायला लोक दर मिनिटाला यादी काढत असतील तर त्यांना लॉगची शेवटची ओळ वाचायला शिकवा.

सर्व्हरवर अजून एक. १२८ जीबी रॅमवर 'डर्टी रेशो' २० टक्के म्हणजे वीसेक जीबी न लिहिलेला डेटा मेमरीत साचू शकतो. मग कुणाचा कमिट आला की तो ढीग उपसताना बाकीचे ताटकळतात. 'डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ५१२ एमबी आणि 'डर्टी_बाइट्स' २ जीबी ठेवा. थोडं थोडं सतत लिहिलं जाईल, धक्के बसणार नाहीत.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताईंनी एनएफएसचं सगळं सांगितलंच आहे. चौदा विंडोज वर्कस्टेशनबद्दल माझ्याकडून थोडं. इथे लग्नाच्या फोटोंचं मोठं काम करणाऱ्या स्टुडिओचा सांबा सर्व्हर मी बघतो, एका फोल्डरमध्ये दीड-दोन लाख फायली असतात.

विंडोजला फाइलच्या नावात लहान-मोठी लिपी (इंग्रजीची स्मॉल-कॅपिटल अक्षरं) सारखीच, लिनक्सला वेगळी. त्यामुळे विंडोजने एखादी नवी फाइल बनवायला घेतली की सांबाला आधी खात्री करावी लागते की वेगळ्या लिपीत तेच नाव फोल्डरमध्ये नाही. त्यासाठी तो सगळं फोल्डर चाळतो. दोन लाख फायलींच्या फोल्डरमध्ये हे प्रत्येक नव्या फाइलला होतं. निकालांची फोल्डर जॉबप्रमाणे वेगळी करा, हा सर्वात सोपा उपाय. ते जमत नसेल तर त्या शेअरला 'केस सेन्सिटिव्ह' यस, 'प्रिझर्व्ह केस' आणि 'शॉर्ट प्रिझर्व्ह केस' नो, 'डीफॉल्ट केस' लोअर. पण त्याआधी तिथल्या सगळ्या फायलींची नावं लहान लिपीत करून घ्यावी लागतात, नाहीतर जुन्या फायली सापडेनाशा होतात.

आणि कॉन्फिगमध्ये कुठूनतरी उतरवलेली 'सॉकेट ऑप्शन्स' ची ओळ असेल, बफरचे आकडे लिहिलेली, ती काढून टाका. कर्नल बफरचा आकार स्वतः जुळवतो, ती ओळ त्याचे हात बांधते.

मांजलपूरकर (बडोदा)

थोडा उशीर झाला कळवायला, टेंडरची गडबड होती.

बॅटरी बदलली, त्याच संध्याकाळी राइटचा आरटीटी १९० वरून १० च्या खाली आला. पण ताई म्हणाल्या तसंच झालं. आठच्या सुमारास सगळ्या जॉबनी एकदम चेकपॉइंट लिहायला घेतले की परत १०० च्या वर जायचा आणि अर्ध्या तासाने उतरायचा.

मग स्क्रॅच एनव्हीएमईवर नेली आणि चेकपॉइंट वीस मिनिटांवर आणले. आता सातच्या गर्दीतही कमिट १५ च्या आत. लोड तीन-चार. सॉल्व्हर मी आरसिंकने नोडवर उतरवला, जॉब सुरू व्हायला जी दोन-दोन मिनिटं लागायची ती जवळपास गेली. लष्करवाले दादा, निकालांच्या फोल्डरमध्ये तीन लाखांवर फायली होत्या. आता प्रत्येक जॉबचं वेगळं फोल्डर. ड्रॉइंग विभागातल्या ताई स्वतः येऊन म्हणाल्या की सेव्ह पटकन होतंय.

एकच राहिलं आहे. सकाळी इंजिनिअर एकेक निकाल उघडतात, सात-आठ जीबीची सलग फाइल. डिस्क निवांत, तार निवांत, तरी नोडवर १२०-१३० एमबी प्रति सेकंदच्या वर वाचन जात नाही. एनकनेक्ट (सर्व्हरशी एकाऐवजी अनेक कनेक्शन) लावू का?

राजवाडा_रूट (इंदूर)

एनकनेक्ट नंतर. आधी रीड-अहेड (मागण्याआधीच पुढचं वाचून ठेवणं) बघा. पूर्वी एनएफएस क्लायंट आरसाइजच्या पंधरापट पुढचं वाचून ठेवायचा. कर्नल ५.४ पासून तो डीफॉल्ट १२८ केबीवर आला. रॉकी ९ चा कर्नल ५.१४ आहे, म्हणजे तुमच्या नोडवर हेच असणार. १ एमबीचा आरसाइज देऊनही क्लायंट १२८ केबीच्या घासांनी वाचतोय.

'सिस' मधल्या 'बीडीआय' फोल्डरमध्ये त्या माउंटच्या क्रमांकाखाली 'रीड_अहेड_केबी' ही फाइल असते. क्रमांक 'माउंटपॉइंट -डी' ने मिळेल. तिथे १५३६० लिहा आणि तीच फाइल पुन्हा वाचून बघा, मात्र आधी नोडची पेज कॅश रिकामी करून, नाहीतर मेमरीचाच वेग मोजाल. फरक दिसला तर 'युडेव्ह' चा नियम लिहा म्हणजे प्रत्येक माउंटला आपोआप लागेल.

तरीही कमी वाटलं तर एनकनेक्ट ४ द्या, त्यासाठी नोडवर त्या सर्व्हरचे सगळे माउंट आधी काढावे लागतील. दुसरा माउंट चालू असेल तर जुनंच कनेक्शन वापरलं जातं आणि पर्याय लागल्यासारखा दिसून लागत नाही.

गर्दी आणखी वाढली तर स्लर्ममध्ये 'लायसन्सेस' म्हणून एक काल्पनिक वस्तू ठेवता येते, समजा 'जडलेखन' नावाच्या आठ. जास्त लिहिणाऱ्या जॉबने एक मागायची. नववा जॉब मग आपोआप थांबतो.

आणि कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती रोज सकाळी ईमेलवर येईल असा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आजच लावा. त्या खोलीचं तापमानही. गच्चीखाली ही बॅटरीसुद्धा फार टिकेल असं मला वाटत नाही, मालकांकडून मोठा एसी मंजूर करून घ्या.

मांजलपूरकर (बडोदा)

१५३६० केलं. वाचन ७०० च्या वर गेलं, एनकनेक्टची गरजच पडली नाही. युडेव्हचा नियम चोवीस नोडवर टाकला, क्रॉनही लावला. एसीचा अर्ज दिलाय.

रावपुरा९९ (बडोदा)

हे सगळं वाचून मी आमचाही कंट्रोलर तपासला, बॅटरी ठीक आहे. मग असिंक ठेवायचं कारण उरत नाही असं वाटतं. स्कॅन झाल्यावर कागद परत दिले जातात, ते कायम आमच्या कपाटात नसतात. चालू सर्व्हरवर असिंकचं सिंक करता येतं का, की सगळ्यांना अनमाउंट करायला सांगू?

राजवाडा_रूट (इंदूर)

अनमाउंट नको. एक्सपोर्ट्स फाइलमध्ये असिंकचं सिंक करा आणि 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा, क्लायंटना कळणारही नाही. त्यानंतर सर्व्हरवर एकदा 'सिंक' कमांड द्या, म्हणजे आधी होकार दिलेलं पण मेमरीतच असलेलं सगळं डिस्कवर जाईल. 'एक्सपोर्टएफएस -व्ही' ने प्रत्येक ओळीत सिंक दिसतंय ना ते बघा. तुमचे स्कॅन मोठ्या फायलींचे आहेत आणि कॅश चालू आहे, त्यामुळे वेगात फारसा फरक जाणवू नये. जाणवला तर त्या वेळचे आरटीटी आणि एक्झे इथे टाका.